बाटलीवरचा ससा आणि सिरिंजमधला ससा

ताई,

मी औषधशास्त्रात पीएचडी करते, तिसरं वर्ष चालू आहे. मधुमेहात जखमा लवकर भरत नाहीत, त्यांवर लावायच्या एका जेलवर माझं काम आहे. मोठ्या उंदरांना (रॅट) स्ट्रेप्टोझोटोसिनचं इंजेक्शन देऊन मधुमेह करायचा, भूल देऊन पाठीवर छोटी जखम करायची, जेल लावायचं, रोज जखम मोजायची आणि शेवटी सॅक्रिफाइस करून त्वचेचे नमुने काढायचे. दोन बॅच झाल्या. तिसरी, २४ उंदरांची, पुढच्या महिन्यात सुरू होईल.

धाकटी बहीण १८ वर्षांची आहे. मी 'लॅबमध्ये' असते एवढंच तिला ठाऊक होतं. गेल्या आठवड्यात तिने माझ्या फोनमध्ये जखमांचे फोटो पाहिले. म्हणाली, "शाम्पू घेताना बाटलीवर ते 'प्राण्यांवर चाचणी नाही'वालं सशाचं चित्र शोधतेस आणि तिकडे जाऊन उंदीर कापतेस. ढोंगी आहेस." तेव्हापासून अबोला. आमची आई इन्शुलिनवर आहे आणि तिला रोज इंजेक्शन हीच बहीण देते. 'ते औषध कुठून आलं ते बघ आधी', असं अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

पहिल्या बॅचनंतर मी घरी येऊन रडले. दुसऱ्या बॅचनंतर रडू आलं नाही, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटते. सीनियर म्हणतात, सवय होते. गाइडना सांगितलं तर म्हणतील, कच्ची आहे. मी सोडू का हे सगळं? आणि मी खरंच ढोंगी आहे का?

– हातमोज्यांच्या आतली

*

हातमोज्यांच्या आतली,

'ढोंगी'चं आधी निकालात काढते, कारण ते त्यातल्या त्यात सोपं आहे. नाहीस. शाम्पू आणि न भरणारी जखम हे दोन निराळे प्रश्न आहेत. जगात शाम्पू उदंड झालेत; आणखी एकासाठी कुणाच्या डोळ्यांत काही घालायची गरज उरलेली नाही. मधुमेह्याच्या पायाची जखम मात्र अजून चिघळते आणि तिच्यापायी आजही पाय कापावे लागतात. बहिणीला दोन्हीकडे प्राणी दिसतो म्हणून तिला सगळं एकच वाटतं. तुला फरक कळतो, पण तो तू तिला कधी सांगितलाच नाहीस.

(सशाच्या चित्रावर मात्र तुझा जरा जास्तच विश्वास दिसतो. येते त्याच्याकडे.)

सशाची गोष्ट बहिणीलाही सांगण्यासारखी आहे, कारण तिची सुरुवात दुष्टपणातून झालेली नाही. १९३३ च्या सुमारास अमेरिकेत 'लॅश ल्यूर' नावाचा पापण्या काळ्या करायचा रंग विकला जात होता. तो लावून काही बायकांची दृष्टी गेली, निदान एक जीव गेला, आणि सरकारला तो बाजारातून काढून घेण्याचा अधिकारच नव्हता. १९३७ मध्ये एका औषधी सिरपात विषारी द्रावक वापरल्यामुळे शंभराहून जास्त माणसं दगावली, त्यांत कितीतरी लहान मुलं. मग १९३८ चा कायदा आला: नवं औषध विकायच्या आधी सुरक्षित आहे हे दाखवा, आणि घातक प्रसाधन सरकारला बाजारातून काढता येईल. दाखवायचं कसं? जॉन ड्रेझ नावाच्या सरकारी शास्त्रज्ञाने १९४४ मध्ये त्याची एक रीत छापली. सशाला फक्त डोकं बाहेर राहील अशा खोक्यात अडकवायचं, खालची पापणी ओढून त्या खोबणीत दशांश मिलिलिटर पदार्थ सोडायचा, दुसरा डोळा तुलनेला तसाच ठेवायचा, आणि बुबुळ किती गढुळलं, पापणी किती सुजली याला रोज गुण द्यायचे. कधीकधी तीन तीन आठवडे. ससाच का? डोळा मोठा, किंमत कमी, आणि माणसासारखे भराभर अश्रू येऊन तो पदार्थ धुऊन निघत नाही. आता बघ, ज्या गुणामुळे ससा सोयीचा ठरला, त्याच गुणामुळे तो माणसाच्या डोळ्याचा वाईट नमुना होता. १९७१ मध्ये वीसहून जास्त प्रयोगशाळांना तेच पदार्थ तपासायला दिले, तर एकीने ज्याला निरुपद्रवी म्हटलं त्याला दुसरीने जहाल ठरवलं. म्हणजे सशाचा डोळाही गेला आणि माहितीही धड मिळाली नाही.

पुढे १९८० मध्ये हेन्री स्पायरा या प्राणीहक्कांसाठी लढणाऱ्या माणसाने न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात पानभर जाहिरात देऊन रेव्हलॉन कंपनीला विचारलं की सौंदर्यापायी तुम्ही किती ससे आंधळे करता? कंपनीने पर्याय शोधायला साडेसात लाख डॉलर दिले. आज त्या कामासाठी माणसाच्या पेशींपासून वाढवलेल्या त्वचेच्या चकत्या आहेत, कत्तलखान्यातून आलेल्या डोळ्यांची बुबुळं आहेत. युरोपीय संघाने २०१३ पासून प्राण्यांवर तपासलेल्या सौंदर्यप्रसाधनांची विक्रीच बंद केली. भारताने २०१४ मध्ये आधी चाचण्यांवर आणि मग तशा मालाच्या आयातीवर बंदी घातली. शाम्पूच्या बाबतीत माझं मत एकतर्फी आहे आणि ते मी लपवत नाही. जुने घटक हजारो आहेत, त्यांची माहिती हाताशी आहे. नवा घटक प्राण्याशिवाय तपासता येत नसेल तर तो शाम्पूत घालू नका. कुणाचं काही अडत नाही.

पण म्हणून ते चित्र म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. 'तयार उत्पादन प्राण्यांवर तपासलेलं नाही' असं लिहिलेल्या बाटलीतला घटक कुणीतरी, कुठेतरी तपासलेला असू शकतो. 'व्हीगन' म्हणजे आत प्राणिजन्य काही नाही एवढंच. चाचणीबद्दल तो शब्द गप्प असतो. उड्या मारणाऱ्या सशाचं 'लीपिंग बनी' हे प्रमाणपत्र त्यातल्या त्यात कडक, कारण ते ठरावीक तारखेनंतरचा, माल पुरवणाऱ्यांपर्यंतचा हिशेब मागतं. नुसता कुणीही काढलेला गोंडस ससा काहीच मागत नाही. आणि युरोपातसुद्धा सगळं मिटलेलं नाही. २०२३ मध्ये तिथल्या न्यायालयाने सनस्क्रीनच्या दोन घटकांबद्दल सांगितलं की रसायनांच्या कायद्याखाली, कामगारांच्या सुरक्षेसाठी, प्राणीचाचण्या मागता येतात. तेव्हा शाम्पू घेताना चित्र जरूर शोध, पण त्या खरेदीवर मनाची शांती उधार घेऊ नकोस. बहिणीने नेमकं तिथेच बोट ठेवलंय.

आता तुझे उंदीर.

इन्शुलिनचं जे बोलणं गिळलंस ते बरं केलंस. ते खरं आहे, तू समजतेस त्याहून जास्त खरं आहे. १९२१ मध्ये टोरंटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांची स्वादुपिंडं काढून त्यांना मधुमेही केलं, अर्क टोचून जगवून पाहिलं, आणि जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या, मरणाच्या दारातल्या मुलाला तो अर्क मिळाला. पुढची साठ वर्षं इन्शुलिन डुकरांच्या आणि गुरांच्या स्वादुपिंडातूनच यायचं. तुझी बहीण रोज सिरिंजवर जे 'युनिट' मोजते ना, त्याची मूळ व्याख्यासुद्धा सशावरून ठरली: दोन किलोच्या उपाशी सशाच्या रक्तातली साखर एका ठरावीक पातळीला उतरवायला जेवढं लागेल तेवढं. म्हणजे तू बाटलीवरचा ससा बघून घेतेस आणि तिच्या हातात रोज दुसरा ससा असतो.

पण हे तिच्या तोंडावर मारायला वापरू नकोस. शंभर वर्षांपूर्वीच्या कुत्र्यांमुळे तुझे पुढच्या महिन्यातले २४ उंदीर आपोआप न्याय्य ठरत नाहीत. तसं असतं तर कुणीही उठून कसलाही प्रयोग करावा आणि इन्शुलिनच्या पंगतीला बसावं. शिवाय त्याच गोष्टीचा पुढचा भाग तिच्या बाजूचा आहे: १९८२ पासून माणसाचं इन्शुलिन जिवाणूंकडून बनवून घेता येतं, आणि आज बहुतेक कुपीत जिवाणूंनी नाहीतर यीस्टने बनवलेलंच असतं. शिवाय प्राण्यांवर उत्तम निघालेलं माणसात हमखास चालतं असंही नाही. २००६ मध्ये लंडनला टीजीएन १४१२ या औषधाची सहा निरोगी स्वयंसेवकांवर चाचणी झाली. माकडांना त्याच्या ५०० पट डोस देऊन काही झालं नव्हतं. या सहा जणांचे अवयव त्याच दिवशी निकामी व्हायला लागले आणि ते अतिदक्षता विभागात पोचले. सगळे वाचले हे नशीब. माकडाच्या काही पांढऱ्या पेशींवर ते औषध जिथे चिकटतं ती खूणच नव्हती.

म्हणून 'प्राणीप्रयोग योग्य की अयोग्य' या प्रश्नावर तू रात्र जागू नकोस. तुझ्या हातात आहे तो लहान आणि अवघड प्रश्न: हे २४ उंदीर जे सांगतील ते ऐकण्यासारखं आहे का?

तुझं पत्र वाचताना मला एका जागी थबकायला झालं. उंदराच्या कातडीखाली एक पातळ स्नायू असतो, पॅनिक्युलस कार्नोसस. त्याच्यामुळे त्याची कातडी सैल असते आणि जखम बरीचशी आक्रसून मिटते, बटव्याची नाडी ओढावी तशी. माणसाची जखम मुख्यतः तळापासून नवी ऊती भरून आणि कडेने नवी त्वचा सरकून भरते. तुझं जेल लावल्यावर जखम लहान झाली असेल, तर त्यात जेल किती आणि नाडी किती? जखमेभोवती सिलिकॉनची रिंग टाक्यांनी बसवली की आक्रसणं थांबतं आणि उंदीर माणसाच्या जरा जवळ येतो. तू रिंग वापरतेस का ते पत्रात नाही. वापरत नसशील, तर दोन बॅचचे आकडे पुन्हा उघडून बस, आणि तिसरी त्यानंतर.

आणि २४ का? माझी अटकळ सांगते: चार गट, प्रत्येकी सहा. सहाच का, तर सगळे सहा घेतात. माझ्या काळीही सहाच होते. आधीच्या दोन बॅचमधला फरक आणि आकड्यांतली चढउतार घेऊन किती लागतील ते काढता येतं; एखाद्या संख्याशास्त्राच्या माणसाला तासभर पकड. उत्तर १६ निघेल किंवा ३२ निघेल. ३२ निघालं तर २४ मारणं हे ३२ मारण्यापेक्षा वाईट, कारण २४ मरूनही काही कळणार नाही. एकाच पाठीवर दोन जखमा, एक जेलची आणि एक बिनजेलची, असं केलं तर प्राणी कमी लागतात, पण जेल रक्तात उतरत असेल तर घोटाळा होतो. जेलचं कुठलं प्रमाण घ्यायचं हे आधी माणसाच्या शस्त्रक्रियेत काढलेल्या, एरवी फेकून दिल्या जाणाऱ्या त्वचेवर पाहून एखादा गट गाळता येईल का? आणि जखम मोजणाऱ्याला कुठला उंदीर कुठल्या गटातला हे ठाऊक असतं का? तूच लावतेस आणि तूच मोजतेस, असं मला दिसतंय.

रिप्लेसमेंट, रिडक्शन, रिफाइनमेंट (प्राण्याऐवजी पर्याय, कमी प्राणी, कमी वेदना) हे रसेल आणि बर्च यांचे १९५९ चे तीन 'आर' तू एथिक्स कमिटीच्या फॉर्मवर भरलेच असशील. मागच्या कुणाच्या तरी फॉर्मवरून उतरवून. मीही तेच केलं होतं.

मी हे एवढं टोकून का लिहितेय ते सांगते. माझी सगळी नोकरी औषधशास्त्रात गेली. शिकाऊ होते तेव्हा ४० उंदरांचा एक प्रयोग माझ्याकडे होता, सहा आठवड्यांचा. औषधाचं द्रावण मी करायचे. शेवटचा उंदीर झाल्यावर वही लावत बसले आणि पहिल्याच पानावर माझ्याच अक्षरात दशांश चिन्ह एक घर चुकलेलं दिसलं. सहा आठवडे त्या सगळ्यांना दहावा हिस्सा डोस गेला होता. रागावलं कुणी नाही. 'पुन्हा करा' म्हणाले, आणि दुसऱ्या आठवड्यात नवे ४० आले. अहवालात पहिल्या ४० बद्दल एक ओळ नाही. त्या काळात मी रडले की नाही ते आठवत नाही; ते पान आठवतं. तेव्हापासून क्रौर्य म्हटलं की सुरी किंवा सुई माझ्या डोळ्यांसमोर येत नाही, ती वही येते.

आता रडू न येण्याबद्दल. हात थरथरायचे थांबले असतील तर ते उंदराच्या फायद्याचं आहे; घाबरलेल्या माणसाची सुई दोनदा टोचावी लागते. मला काळजी वाटेल ती वेगळ्याच गोष्टीची. दुखत असलेल्या उंदराचा चेहरा बदलतो. डोळे बारीक होतात, नाक आणि गाल सपाट दिसतात, कान दुमडून टोकदार दिसतात. २०११ मध्ये याची गुण देण्याची पट्टीसुद्धा तयार झाली. जखम केलेल्या दिवशी संध्याकाळी पिंजऱ्यापुढे उभी राहा. तुला ते चेहरे वेगवेगळे दिसतात का, की २४ पाठी दिसतात? दिसत असतील तर तू ठीक आहेस, रडलीस न रडलीस तरी. आणि दिसल्यावर वेदनाशामक मिळतंय का, किती वजन घटलं की प्रयोग त्या उंदरापुरता थांबवायचा, हे कागदावर आहे का? मधुमेही उंदीर पाणी फार पितात, पिंजऱ्यातला भुसा लवकर ओला होतो. सुट्टीच्या दिवशी तो कोण बदलतं?

हाताळण्याचंही बघ. शेपटीने उचललेले छोटे उंदीर माणसाला घाबरून राहतात आणि ओंजळीत किंवा नळीतून उचललेले आपणहून जवळ येतात, हे २०१० मध्ये नीट मोजून दाखवलंय. तुझे मोठे असले तरी शेपटी त्यांनाही आवडत नाही. घाबरलेल्या प्राण्याच्या अंगात ताणाचे हार्मोन वाढतात आणि त्यांनी जखम भरायला उशीर होतो. म्हणजे दया बाजूला ठेवली तरी तुझ्या आकड्यांसाठी ओंजळ बरी.

एक गोष्ट लिहू की नको असं झालं होतं, पण तू लहान नाहीस. २०११ मध्ये शिकागोत उंदरांच्या जोड्या घेऊन एकाला नळीत कोंडलं. मोकळा उंदीर दार उघडायला शिकला आणि सोबत्याला सोडवू लागला. शेजारी चॉकलेट ठेवलं तरी त्याने सोबत्यालाही सोडवलं आणि बऱ्याचदा त्याच्यासाठी चॉकलेटही राखलं. हे आपल्याला कळलं तेही एका प्राणीप्रयोगातून. याचं काय करायचं ते माझ्याच्याने अजून ठरलेलं नाही.

आणि तो शब्द. लॅबमध्ये सगळे 'सॅक्रिफाइस केले' म्हणतात, तूही लिहिलंस. मराठीत 'बळी दिला' म्हणून बघ, जीभ अडखळते, कारण बळी म्हटला की कुणाला आणि कशासाठी हे विचारावं लागतं. घरी बोलताना तरी 'मारले' म्हण. बहिणीला खोटा शब्द लगेच ऐकू येतो.

घरातलं हे भांडण तुमच्यापासून सुरू झालेलं नाही. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये क्लोद बर्नार हा शरीरशास्त्रातला मोठा माणूस जिवंत प्राण्यांवर प्रयोग करायचा, ते चालायचे बायकोच्या हुंड्याच्या आधारावर. बायको अखेर त्याच्यापासून वेगळी झाली, आणि ती आणि मुली उघड प्राण्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या. बापाचं विज्ञान टिकलं. आणि प्राण्यांना भूल द्या, मोजून वापरा, परवानगी घ्या, हे जे आज तुझ्या फॉर्मवर आहे ते त्याच्या बायकोसारख्या माणसांनी लावून धरलं म्हणून आलं. तेव्हा बहिणीला पटवायला जाऊ नकोस. तिला प्रोटोकॉल वाचायला दे. अठरा वर्षांची मुलगी 'या उंदराला दुखतंय हे तुला कसं कळतं?' असं विचारेल, आणि तुझ्या कमिटीत ते कुणी विचारलं नसेल.

सोडायचं का? आज नको. आधी गाइडकडे जा, पण 'मला त्रास होतो' घेऊन जाऊ नकोस. रिंग, संख्या, कोण मोजणार आणि वेदनाशामक, एवढं एका कागदावर लिहून ने. कच्ची म्हणायला त्यांना जागा उरणार नाही, हे सगळे परीक्षकांनी विचारायचे प्रश्न आहेत. त्यांनी ऐकलं तर तिसरी बॅच बदलून कर, मनावर ओझं राहील ते राहू दे. 'दरवेळी असंच करतो' एवढंच उत्तर मिळालं, तर ती बॅच तुझ्या सहीने होऊ देऊ नकोस, आणि मग विषय बदलायचा विचार मनापासून कर. अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये कायदा बदलून नव्या औषधासाठी प्राण्यांवरच चाचणी हवी ही अट काढली. कृत्रिम त्वचेवर काम करणाऱ्यांना येत्या काळात मागणी राहील. जखमा समजणारी मुलगी त्यांना हवीच असेल.

रिंग बसवायची ठरली तर आधी मेलेल्या उंदरावर चार टाके घालून सराव कर, ती पहिल्यांदा हमखास निसटते. आणि गाइड काय म्हणाले ते कळव.

– ताई